थंड होईपर्यंत

खोका म्हापशात उघडला, दुकानातच.
केशरी अंग, राखाडी मूठ, सगळे त्या मोठ्या कंपनीसारखे,
फक्त नावात एक अक्षर कमी.
दुकानदार म्हणाला, वाचायला नेतोस की कापायला?
साडेपाच हजार. तेवढ्यात मूळचीचे झाकण आले असते.

वाळपईपर्यंत मांडीवर घेऊन आलो.
कंडक्टरने तिचे तिकीट मागितले नाही,
उतरताना विचारले, चिनी?
म्हटले, आता सत्तरीची.

पहिल्याच आठवड्यात दोन नट गळाले,
फटी गावसाच्या काजूत. अजून तिथेच असतील.
मग एकेक बदलत गेलो.
पेट्रोलची नळी फाटली तेव्हा दवाखान्यातली सलाईनची लावली,
चार दिवसांत ती वाळक्या देठासारखी कडक.
तेलाचे भोक सुईने मोठे केले, तर बाकावर रात्रभर मुतायला लागली.
सायलेन्सरची जाळी काढली, बाजूला ड्रिलने आणखी एक वाट,
पहिल्यांदा चालू केली तेव्हा
देवळाच्या कौलांवरची वांदरे उठून गेली, ती तीन दिवस आली नाहीत.
सिलिंडरखालचे पॅकिंग काढले, नुसते सीलंट.
कागदाएवढी उंची कमी झाली
आणि दोरी बोटांना उलटी ओढू लागली.

कार्बोरेटरचे दोन स्क्रू मात्र कुणाला हात लावू देत नाही.
पाव फेरी मागे, केसभर पुढे, कान तिच्याकडे.
मोकळी असताना जरा अडखळली पाहिजे,
लाकडात शिरली की सरळ.

सगुणमामाने दोन माणसांची करवत
जन्मभर एका बाजूने ओढली.
त्याने ती उचलून पाहिली, वास घेतला, खाली ठेवली.
म्हणाला, हिच्या पलीकडे कोण बसतो?

जयवंती मेळेकरणीचा फणस घरावर कलत चालला होता.
फॉरेस्टचा कागद तिने प्लास्टिकात गुंडाळून ठेवलेला,
मला दोनदा दाखवला.
दोर माडाला बांधला, समोरची खाच घेतली,
मागून कापत आलो, तीन बोटे राहिली,
आणि ती बंद पडली.

झटका. झटका. नुसता ओला खोकला.
कॉइल.
तापली की ठिणगी मरते.
तेवढे एकच बदलायचे राहिले होते,
पुढच्या महिन्यात, असे गेले सहा महिने.

पाचर ठोकली. फटीला म्हटले, दोर सोडू नकोस, शिंकूही नकोस.
मशीन ओसरीच्या सावलीत ठेवली,
झाकण काढून पुठ्ठ्याने वारा घातला,
ताप आलेल्या पोराला घालतात तसा.
कापातून पांढरा चीक उतरत होता, सावकाश,
त्याला कसली घाई.
वर कुठेतरी एक कच्चा फणस हलला
आणि आम्ही तिघांनी वर पाहिले.

ती म्हणाली, किती वेळ?
म्हटले, थंड होईपर्यंत.
मग ती आत गेली, आंबील घेऊन आली,
फटीला दोरावरच पाजली, एका हाताने वाटी धरून.
म्हणाली, हा पहिल्या वर्षी धरला तेव्हा एकच फणस,
तो शेजारच्यांनी रात्री नेला. चोरीचा म्हणून त्यांना गोड लागला असेल.
हसली. झाडाकडे न बघता हसली.

वीस मिनिटांनी बोट फिन्सना लावले. पोळले नाही.
तिसऱ्या झटक्याला ती उठली, अडखळली,
लाकडात शिरली
आणि सरळ.

फणस दोराच्या म्हणण्याप्रमाणे पडला, जवळजवळ.
शेंडा पाण्याच्या टाकीवर. झाकणाचे दोन तुकडे.
जयवंतीने दोनशे कापून पैसे मोजले, नोट नोट दाबून,
आणि बुंध्याचा एक हातभर तुकडा बाजूला ठेवून घेतला.
कशाला, ते सांगितले नाही.

रात्री बल्बखाली ती खोलली.
फिन्समध्ये, दोरीच्या चाकात, माझ्या नखांत,
सगळीकडे फणसाचा पिवळा भुसा, हळदीसारखा.
ब्रशने झाडला. थोडा राहू दिला.
मग पेन घेऊन त्या गेलेल्या अक्षराच्या जागी
काहीतरी लिहावे असे वाटले,
सुचले नाही.
कॉइलचे पैसे मोजले. दोनशे कमी पडत होते.